बातम्या थेट एक्सेलच्या टेबलमध्ये! सोयाबीन-कापूस धंदेवाल्यांसाठी एपीआय, एकदम सोप्या भाषेत

मागच्या काही व्हिडिओंमध्ये आपण एक्सेलमध्ये स्टॉक रजिस्टर केलं, उधारीची वही केली, जीएसटीचं शीट केलं. त्याखाली आलेल्या कमेंट्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत परत परत येतो: "सर, भावाची आणि सरकारी निर्णयाची बातमी रोज शोधत बसावी लागते. ती आपोआप एक्सेलमध्ये येईल का?"

उत्तर आहे, हो, येईल. कोडिंग शिकायची गरज नाही. एक्सेल २०१६ किंवा त्यापुढचं असेल तर लागणारं सगळं त्यात आधीच आहे. हा लेख त्या व्हिडिओचा जोडीदार समजा. व्हिडिओत क्लिक कुठे करायचं ते दाखवलंय. इथे ते का करायचं, कुठे अडकायला होतं आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या धंद्याला त्याचा उपयोग काय, ते शांतपणे बघू.

बातमीची किंमत किती असते?

आधी हे पटलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं म्हणजे नुसता कॉम्प्युटरचा खेळ.

ऑगस्ट २०२५ चं उदाहरण घ्या. बाहेरून येणाऱ्या कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून ते माफ केलं, ३० सप्टेंबरपर्यंत. बातमी आली, व्हॉट्सअॅपवर फिरली, लोकांनी चर्चा केली. मग २८ ऑगस्टला दुसरी घोषणा आली: माफी आता ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत.

दोन बातम्यांत दहा दिवसांचं अंतर. पण आपल्यासाठी फरक किती, बघा. वऱ्हाडात नवीन कापूस बाजारात खऱ्या अर्थाने यायला लागतो तो दसरा-दिवाळीच्या आसपास. म्हणजे पहिल्या बातमीप्रमाणे आपला माल यायच्या आधीच माफी संपणार होती. दुसऱ्या बातमीप्रमाणे ऐन आवकेच्या दिवसांत बाहेरचा कापूस शुल्काशिवाय येत राहणार होता. जिनिंगवाला असो, अडत्या असो की ४० क्विंटल कापूस घरात ठेवलेला शेतकरी, दोन्ही बातम्यांवरून निघणारा निर्णय वेगळा आहे. क्विंटलमागे ५०० रुपयांचा फरक धरला तरी ४० क्विंटलला २०,००० रुपये होतात.

आता व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डला तारीख नसते. सप्टेंबरच्या मध्यात कोणाच्या तरी ग्रुपवर "कापूस आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ" असा मेसेज येतो. मेसेज खोटा नाही, पण शिळा आहे. भाजी शिळी असली तर वासाने कळतं, बातमीचा शिळेपणा फक्त तारखेने कळतो.

सोयाबीनचंही तसंच. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं. अधिभार धरून ते साडेसत्तावीस टक्के. ३० मे २०२५ ला तेच मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं, म्हणजे एकूण साडेसोळा. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, हमीभावाच्या खरेदीसाठी सोयाबीनमधल्या ओलाव्याची मर्यादा त्या हंगामापुरती १२ वरून १५ टक्के केली गेली. २८ मे २०२५ ला खरीप २०२५-२६ चे हमीभाव जाहीर झाले: सोयाबीन ५,३२८ रुपये, मध्यम धाग्याचा कापूस ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल.

हे सगळे निर्णय दिल्लीत होतात, पण परिणाम खामगाव, मेहकर, चिखली, मलकापूरच्या यार्डात दिसतो. त्यात आणखी एक गोष्ट. २० डिसेंबर २०२१ ला सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे व्यवहार थांबवले आणि ती बंदीची मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढवली. वायदे बाजार चालू असताना पुढच्या महिन्यांचा भाव काय धरलाय, हे एका स्क्रीनवर दिसायचं. तो अंदाज गेला, की बातमीवरचा भार वाढतो.

खामगावला हे नवीन नाही

गंमत बघा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम मागणी आली. खामगाव तेव्हाची मोठी कापूसपेठ. १८७० साली जलंब ते खामगाव हा छोटा रेल्वे फाटा सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. कारण एकच, कापूस. आणि त्याच १८७० साली समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई इंग्लंडला जोडली गेली.

म्हणजे माल न्यायला रेल्वे आणि बातमी न्यायला तार, दोन्ही एकाच वर्षी. तेव्हाही ज्याच्याकडे तार आधी पोचायची, तो सौद्यात पुढे असायचा. आज ती तार तुमच्या लॅपटॉपपर्यंत आलेली आहे, फक्त तिला एक्सेलमध्ये जोडायचं राहिलंय.

एपीआय म्हणजे काय रे भाऊ?

अडत दुकानाची खिडकी डोळ्यासमोर आणा. आत गोडाऊन आहे, वह्या आहेत, दिवाणजी आहेत. तुम्हाला आत जाऊ देत नाहीत. तुम्ही खिडकीवर चिठ्ठी देता: "सोयाबीन, आजची आवक, खामगाव." आतून तेवढीच माहिती लिहून येते. एपीआय म्हणजे ती खिडकी. चिठ्ठी म्हणजे वेब अॅड्रेस, यूआरएल. आणि उत्तर येतं ते जेसन नावाच्या पद्धतीत, म्हणजे माणसाला जरा किचकट दिसणारा, पण कॉम्प्युटरला एकदम नीट कळणारा मजकूर.

वेबसाइट उघडून बघणं आणि एपीआयला विचारणं यात फरक काय? वेबसाइटवर जाहिरात, फोटो, मेनू सगळं येतं. एपीआयकडून फक्त शीर्षक, लिंक, तारीख, कोणत्या साइटवर आली, एवढंच येतं. रांगेत आणि रकान्यात. टेबलला हेच हवं असतं.

कोणती खिडकी निवडायची?

बातम्यांचे एपीआय भरपूर आहेत. पण निवडताना तीन गोष्टी बघा: उशीर किती, भाषा कोणती आणि धंद्यासाठी वापरायची परवानगी आहे का.

उदाहरणार्थ, न्यूजएपीआय ही सेवा शिकायला सोपी म्हणून यूट्यूबवर सगळीकडे दिसते. तिच्या फुकट प्लॅनमध्ये दिवसाला १०० विनंत्या, बातमी २४ तास उशिरा आणि वापर फक्त शिकण्या-तपासण्यापुरता. भाषेच्या फिल्टरमध्ये मराठी किंवा हिंदी नाही. सराव करायला ठीक, पण "आज काय झालं" हे बघायला उपयोग नाही.

गुगल न्यूजची आरएसएस फीड मराठीतही मिळते, पण ती वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे असं त्या फीडमध्येच लिहिलेलं असतं. स्वतःच्या वाचनापुरती वापरा, तिच्यावर विकायचं रिपोर्ट बनवू नका.

म्हणून आपण व्हिडिओत जीडेल्ट निवडलंय. हा जगभरच्या बातम्यांचा खुला साठा आहे. दर १५ मिनिटांनी अपडेट होतो, ६५ भाषांमधला मजकूर इंग्रजीत भाषांतर करून शोधतो, की म्हणजे चावी लागत नाही, आणि स्रोत म्हणून त्यांचं नाव दिलं तर व्यावसायिक वापरालाही परवानगी आहे. एक शिस्त पाळायची: दोन विनंत्यांमध्ये निदान ५ सेकंद जाऊ द्या. एकामागून एक रिफ्रेश दाबत बसलात तर उत्तराऐवजी "जरा थांबा" असा मेसेज येतो.

चिठ्ठी कशी लिहायची?

पूर्ण अॅड्रेस व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमध्ये आहे, तिथून कॉपी करा. इथे फक्त त्याचे भाग समजून घेऊ, म्हणजे तुम्हाला तो आपल्या मालाप्रमाणे बदलता येईल.

पहिला भाग खिडकीचा पत्ता. तो बदलायचा नाही. त्यानंतर प्रश्नचिन्ह येतं, आणि प्रश्नचिन्हाच्या पुढे आपल्या अटी. प्रत्येक अटीत नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत, आणि दोन अटींच्या मध्ये "अँड"चं चिन्ह.

अट १, क्वेरी: काय शोधायचं. इंग्रजीत सोयाबीन आणि कॉटन लिहा. दोन पर्याय द्यायचे असतील तर मध्ये "ऑर" लिहून दोन्ही शब्द कंसात टाका. दोन शब्दांचा एकच अर्थ असेल, जसं "इम्पोर्ट ड्यूटी", तर अवतरण चिन्हात टाका. भारतातल्या साइट हव्या असतील तर सोर्स कंट्री इंडिया ही अटही इथेच.
अट २, मोड: यात आर्टलिस्ट लिहा. म्हणजे आलेख नको, बातम्यांची यादी हवी.
अट ३, फॉरमॅट: जेसन.
अट ४, मॅक्स रेकॉर्ड्स: काही लिहिलं नाही तर ७५ बातम्या येतात. जास्तीत जास्त २५०.
अट ५, टाइमस्पॅन: किती मागचं हवं. रोजच्या वापराला एक आठवडा पुरे.
अट ६, सॉर्ट: नवीन बातमी वर.

हा अॅड्रेस आधी ब्राउझरमध्ये टाकून बघा. कंसांनी भरलेला मजकूर दिसला म्हणजे खिडकी उघडी आहे. एखादं इंग्रजी वाक्य दिसलं तर ते वाचा. शब्द फार छोटा आहे, कंस चुकलाय, असं काहीतरी त्यात सरळ लिहिलेलं असतं. ब्राउझरमध्ये जे चालत नाही ते एक्सेलमध्येही चालणार नाही, म्हणून ही पायरी कोणीच टाळू नका.

आता एक्सेलमध्ये, पायरी पायरीने

१. डेटा टॅब उघडा. गेट डेटा, मग फ्रॉम अदर सोर्सेस, मग फ्रॉम वेब. अॅड्रेस पेस्ट करा, ओके.

२. लॉगिन विचारलं तर अॅनॉनिमस निवडा आणि कनेक्ट करा. आपण इथे कुठलाही पासवर्ड देत नाही.

३. पॉवर क्वेरीची खिडकी उघडेल. काही एक्सेलमध्ये टेबल आपोआप तयार दिसतं. नाही दिसलं तर "आर्टिकल्स" च्या पुढे हिरव्या अक्षरात "लिस्ट" दिसेल. त्यावर क्लिक करा, मग टू टेबल दाबा.

४. आता एकच कॉलम आणि प्रत्येक ओळीत "रेकॉर्ड" दिसेल. घाबरू नका. प्रत्येक रेकॉर्ड म्हणजे बंद पाकीट. कॉलमच्या डोक्यावर उजवीकडे दोन बाण फाकलेलं चिन्ह आहे, ते दाबा, टायटल, यूआरएल, सीन डेट, डोमेन, लँग्वेज एवढ्यावर टिक ठेवा. खाली "मूळ कॉलमचं नाव आधी लावा" असा टिक असतो, तो काढा. पाकिटं उघडतील आणि नीट टेबल दिसेल.

५. यूआरएल कॉलम सिलेक्ट करून रिमूव्ह डुप्लिकेट्स. मग टायटल कॉलमवरही तेच. एकाच वृत्तसंस्थेची बातमी दहा साइट जशीच्या तशी छापतात. दहा ओळी दिसल्या म्हणजे दहा लोकांनी खात्री केली असा अर्थ होत नाही.

६. क्लोज अँड लोड. झालं! शीटवर बातम्यांचं टेबल तयार.

७. टेबलमध्ये क्लिक करून क्वेरी प्रॉपर्टीज उघडा. "फाइल उघडताना रिफ्रेश करा" याला टिक द्या. दर ६० मिनिटांनी रिफ्रेश हाही पर्याय आहे, पण तो फाइल उघडी असेपर्यंतच चालतो. लॅपटॉप बंद, तर रिफ्रेश बंद.

तारखेचा घोळ, इथे बरेच जण फसतात

सीन डेट कॉलममध्ये आकड्यांची लांब माळ दिसते. आधी वर्ष, महिना, दिवस, मग इंग्रजी टी, मग तास-मिनिट-सेकंद आणि शेवटी झेड. हा झेड फार महत्त्वाचा. त्याचा अर्थ ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे.

म्हणजे टेबलमध्ये २७ तारीख आणि १९ वाजून ३० मिनिटं दिसत असतील, तर आपल्याकडे २८ तारखेच्या पहाटेचा एक वाजलेला असतो. तारीखच बदलते! भावाशी तुलना करताना एक दिवस इकडे-तिकडे झाला तर बातमी आधी आली की भाव आधी पडला, हेच उलटं दिसायला लागतं.

सोपा उपाय: पॉवर क्वेरीत स्प्लिट कॉलम, बाय डिलिमिटर, टी. डाव्या कॉलमला डेट टाइप द्या. उजव्या कॉलममधली पहिली चार अक्षरं वेगळी काढून त्याला नंबर टाइप द्या. मग कस्टम कॉलममध्ये एकच नियम लिहा: हा नंबर १८३० किंवा त्याहून मोठा असेल तर तारखेत एक दिवस मिळवा, नाहीतर तीच ठेवा. कारण तिकडचे साडेसहा म्हणजे आपली रात्रीची बारा. फॉर्म्युला व्हिडिओत टाइप करून दाखवलाय.

आणि एक लक्षात ठेवा, सीन डेट म्हणजे जीडेल्टला ती बातमी दिसली ती वेळ. बातमी छापली ती वेळ त्याच्या थोडी आधीची असू शकते. अगदी मिनिटाचा हिशेब लागत असेल तर लिंक उघडून मूळ पान बघा.

आपल्या जिल्ह्याचं फिल्टर

आता खरी मजा. जगभरचं सोयाबीन आलं, त्यात ब्राझील आलं, अर्जेंटिना आलं. ते टाकून देऊ नका, तेलाचा भाव तिथूनही हलतो. पण आपल्या गावाचं वेगळं काढायचं असेल तर टायटलवर टेक्स्ट फिल्टर, कंटेन्स.

इथे मराठीची स्वतःची अडचण आहे. जिल्ह्याचं नाव कोणी "बुलढाणा" लिहितं, कोणी "बुलडाणा". खामगाव-खामगांव, शेगाव-शेगांव, अनुस्वार कधी असतो कधी नसतो. कापूस, कपाशी, कॉटन तिन्ही चालतात. एकच शब्द टाकला तर अर्ध्या बातम्या गळतील. म्हणून एका छोट्या वेगळ्या टेबलमध्ये शब्दांची यादी करा, प्रत्येक शब्दाची सगळी रूपं, आणि फिल्टर त्या यादीवरून लावा. नवीन रूप दिसलं की यादीत एक ओळ वाढवायची, क्वेरीला हात लावायचा नाही.

उलटी अडचणही आहे. मलकापूर शोधाल तर कराडजवळचं मलकापूर येईल, शाहूवाडीचंही येईल. चिखली शोधाल तर पिंपरी-चिंचवडची चिखली येईल. जळगाव जामोदसाठी नुसतं "जळगाव" टाकाल तर अख्खा जळगाव जिल्हा तुमच्या टेबलात शिरेल. अशा गावांसाठी गावासोबत दुसरी अट ठेवा, एकतर जिल्ह्याचं नाव, नाहीतर पिकाचं.

तालुक्याच्या छोट्या बातम्या यात कमीच सापडतात, हे आधीच सांगून ठेवतो. ई-पेपरच्या पानाचा फोटो असतो, त्यातली अक्षरं एपीआयला वाचता येत नाहीत. "उद्या यार्ड बंद" ही बातमी अजूनही बाजार समितीच्या फलकावर आणि अडत्याच्या फोनवरच आधी कळते. हे टेबल दिल्ली, मुंबई आणि बाहेरच्या जगासाठी आहे. गावातल्या ओळखीची जागा ते घेत नाही.

रिफ्रेश केलं की जुनं जातं!

ही गोष्ट मोठ्या अक्षरात वहीत लिहून ठेवा. पॉवर क्वेरी रिफ्रेश करताना जुन्या ओळींच्या खाली नवीन जोडत नाही. ती सगळं पुसून नव्याने आलेलं भरते. तुम्ही एक आठवडा मागितला असेल तर आठव्या दिवशी पहिल्या दिवसाची बातमी टेबलातून गेलेली असते. त्या ओळीसमोर तुम्ही हाताने काही शेरा लिहिला असेल तर तो दुसऱ्याच बातमीसमोर जाऊन बसतो.

उपाय साधा. "साठा" नावाचं वेगळं शीट करा. दर शनिवारी बातम्यांचं टेबल कॉपी करून तिथे खाली पेस्ट व्हॅल्यूज करा आणि डुप्लिकेट काढा. पाच मिनिटांचं काम. थोडं पुढचं हवं असेल तर दर आठवड्याची फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा आणि गेट डेटा, फ्रॉम फोल्डर वापरा, सगळ्या फाइल आपोआप एकाखाली एक येतात. शेरा लिहायचा तो साठ्यातच.

बातमीशेजारी भाव

नुसत्या बातम्या गोळा करून फायदा नाही, शेजारी भाव हवा. त्यासाठी भारत सरकारचं ओपन डेटा पोर्टल आहे. केंद्राच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाकडचे बाजार समित्यांचे रोजचे दर तिथे एपीआयने मिळतात. दहा रकाने येतात: राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, प्रत, तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. दर रुपये प्रति क्विंटल.

तिथे की लागते. पोर्टलवर नोंदणी केली की स्वतःची की फुकट मिळते. नमुना म्हणून दिलेल्या की वर एका वेळी फक्त १० ओळी येतात, त्यामुळे "महाराष्ट्रात दहाच बाजार आहेत का?" असं वाटून घेऊ नका. आधी फक्त राज्याची अट लावून सगळं आणा, त्यात आपल्या जिल्ह्याचं आणि बाजाराचं इंग्रजी स्पेलिंग कसं आहे ते डोळ्याने बघा आणि मग तेच अट म्हणून लावा. एका अक्षराचा फरक पडला तरी रिकामं टेबल येतं, आणि रिकामं टेबल म्हणजे आज आवक नाही असं नसतं.

हाही एपीआय फक्त चालू दर देतो. म्हणजे साठा करण्याचा नियम इथेही लागू. महिनाभर साठवलं की मर्ज क्वेरीजने दोन्ही टेबल तारखेवर जोडा: डावीकडे तारीख आणि सर्वसाधारण दर, उजवीकडे त्या दिवशीच्या बातम्या.

हे टेबल बघताना घाई करू नका. बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी दर पडला, म्हणजे बातमीमुळेच पडला असं सिद्ध होत नाही. पाऊस झाला असेल, माल ओला आला असेल, एकाच दिवशी आवक दुप्पट झाली असेल, दोन दिवस यार्ड बंद असेल. म्हणून तिसरा रकाना हाताने भरा: ओलावा, आवक, हवामान. तुम्ही रोज यार्डात उभे असता, ही माहिती कुठल्याच एपीआयकडे नाही. एका हंगामानंतर ही तीन रकान्यांची वही तुमची स्वतःची होईल, आणि ती विकत कुठेच मिळणार नाही.

की सांभाळा

ज्या सेवेला की लागते तिथे एक काळजी घ्या. की अॅड्रेसमध्ये टाकली असेल तर ती एक्सेल फाइलच्या आतच राहते. फाइल ग्रुपवर टाकली, की सोबत कीही गेली. मग तुमच्या नावावर दुसरेच विनंत्या करणार आणि दिवसाचा कोटा सकाळी दहालाच संपणार. दुसऱ्याला द्यायचं असेल तर टेबल नवीन फाइलमध्ये पेस्ट व्हॅल्यूज करून पाठवा, किंवा पीडीएफ पाठवा.

एरर आलाच तर आकडा बघा. ४०१ म्हणजे की चुकली किंवा बंद झाली. ४२९ म्हणजे फार वेळा विचारलं, थोडं थांबा. ४०४ म्हणजे पत्ता चुकला. या तीन आकड्यांतच बहुतेक अडचणी सुटतात.

लॅपटॉप नाही, मोबाइलच आहे?

गुगल शीट्स वापरा. आरएसएस फीडसाठी इम्पोर्टफीड आणि सीएसव्हीसाठी इम्पोर्टडेटा ही तयार फंक्शन्स आहेत. जेसन वाचायचं तयार फंक्शन तिथे नाही, म्हणून अॅड्रेसमध्ये फॉरमॅटच्या अटीत जेसनऐवजी सीएसव्ही लिहून बघा. शब्दांची यादी आणि साठ्याचा नियम तिथेही तोच.

या आठवड्याचा गृहपाठ

तीन कामं. एक, आपल्या मालाचे पाच शब्द आणि त्यांची सगळी रूपं लिहून काढा. दोन, बातम्यांचं टेबल तयार करून सलग सात दिवस सकाळी यार्डात जायच्या आधी रिफ्रेश करा आणि शनिवारी साठा करा. तीन, त्या आठवड्यात तुमच्या ग्रुपवर आलेला भावाचा किंवा सरकारी निर्णयाचा एक फॉरवर्ड घ्या, टेबलमध्ये त्याची तारीख शोधा. ताजा निघाला की शिळा, ते कमेंटमध्ये लिहा. आकडे आणि तारीख लिहा, ग्रुपचं किंवा माणसाचं नाव नको.

तूर, हरभरा, मका किंवा हळद करणाऱ्यांनी आपला शब्द टाकून बघा, पद्धत तीच राहते. पुढच्या व्हिडिओत आपण मर्ज केलेल्या टेबलवरून साधा आलेख काढणार आहोत, त्यावर बातमीच्या दिवशी ठिपका कसा टाकायचा तेही बघू. तोपर्यंत साठा चालू ठेवा, कारण आलेखाला निदान महिनाभराचा डेटा लागेल.